हाताला विद्येची जोड

सोलापूरचे नाव घेताच चादरीची आठवण होत नाही, असा मराठी माणूस विरळाच. थंडीच्या दिवसांत पांघरायला, प्रवासात अंथरायला आणि पाहुण्यांच्या बिछान्यावर घालायला ही जाड, उबदार, रंगीत चादर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली आहे. या चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे दुसऱ्या कोणत्याही गावी विणलेल्या मालाला आता कायद्याने ‘सोलापुरी’ म्हणवून घेता येत नाही. विद्यार्थी मित्रांनो, ही चादर हातात घेऊन तिच्यावरचा मोर किंवा फूल न्याहाळताना तुमच्या मनात कधी असा प्रश्न आला आहे काय, की हा मोर कापडावर छापलेला नसून धाग्यांतूनच उमटला आहे, तर तो तेथे आला कसा?

कोणत्याही कापडात दोन प्रकारचे धागे असतात. मागावर लांबीच्या दिशेने ताणून धरलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि धोट्याबरोबर इकडून तिकडे धावणारा आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात, आणि त्यांच्या मधल्या वाटेने धोटा निघून जातो. कोणत्या वेळी कोणते धागे उचलायचे, यावर नक्षी ठरते. फ्रान्समधील ल्यों या शहरातील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास यासाठी एक युक्ती सिद्ध केली. भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची एक माळ त्याने मागावर चढविली. पुठ्ठ्यावर जेथे भोक असेल तेथील धागा उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथील धागा जागच्या जागी राहतो. बाण्याच्या प्रत्येक फेरीसाठी एक पुठ्ठा, अशा शेकडो पुठ्ठ्यांतून एक नक्षी पुरी होते. त्यांतला एक पुठ्ठा जरी मागेपुढे झाला, तरी मोराची मान तुटते! सोलापूरच्या चादरीवरील नक्षी याच युक्तीने उमटू लागली. आता काही कारखान्यांत पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली असली, तरी मूळ तत्त्व तेच आहे.

हे पुठ्ठे तयार करण्यापूर्वी नक्षीकार चौकटींच्या कागदावर चित्र काढतो. कागदावरील एक उभी रांग म्हणजे ताण्याचा धागा आणि एक आडवी रांग म्हणजे बाण्याची एक फेरी. तुम्ही गणिताच्या तासाला आलेख काढता, तोच हा आलेख. म्हणजे चादरीवरच्या मोरामागे चित्रकला आहे, भूमिती आहे, मोजणी आहे आणि यंत्राचे ज्ञानही आहे. हाताचे कौशल्य आणि बुद्धीचे काम यांची अशी गाठ पडली, म्हणजेच उत्तम वस्तू निर्माण होते.

हे कौशल्य पूर्वी माणसे कोठे शिकत? उत्तर सोपे आहे, घरी. सोलापुरात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची अनेक कुटुंबे स्थायिक झाली. त्यांच्या घरातच माग असे. आई कांड्या भरी, वडील विणत, आणि मूल मागाच्या खटखटीतच मोठे होई. सुताराचा मुलगा रंधा धरी, लोहाराचा मुलगा भाता चालवी, कुंभाराचा मुलगा चाकाजवळ बसे. या रीतीत एक मोठा गुण होता. शिकणारा रोज, प्रत्यक्ष काम पाहून, जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकत असे. हात बसल्यावाचून कोणी त्याला कारागीर म्हणत नसे.

परंतु या रीतीत दोन मोठ्या उणिवा होत्या. पहिली अशी की, ज्ञानाचे हे दार जन्मावरून उघडे किंवा. बंद होई. सुताराच्या मुलाला चित्रकलेची आवड असली तरी त्याने रंधाच मारायचा, आणि शेतमजुराच्या मुलाला यंत्राची कितीही ओढ असली तरी त्याला लोहारकाम कोण शिकविणार? मुलींना तर आपले कौशल्य निवडण्याची मुभा बहुधा नसेच. दुसरी उणीव अशी की, जे वडिलांना ठाऊक, तेवढेच मुलाला मिळे. ‘असे करावे’ हे त्याला समजे. ‘असेच का करावे’ हे सांगणारा कोणी नसे. जग जोवर संथ चालत होते, तोवर ही दुसरी उणीव कोणाला फारशी जाणवली नाही. यंत्रे आली आणि ती उघडी पडली.

सोलापुरात १८७७ च्या सुमारास पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरणीच्या भोंग्यावर सारे शहर चालू लागले. गिरणीत नुसते सूत कातणारे आणि विणणारेच लागत नसत. बाष्पक सांभाळणारा, पट्टे व चाके बसविणारा, झिजलेला भाग कातून नवा करणारा, पुढे वीज आल्यावर तारा जोडणारा, अशी कितीतरी नवी माणसे लागू लागली. हे व्यवसाय कोणाच्याही घरी वडिलोपार्जित नव्हते. मग ते शिकवायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून नव्या तऱ्हेच्या शाळा निघाल्या. पुण्यात १८५४ मध्येच बांधकाम खात्याच्या कामगिरीसाठी माणसे तयार करणारी शाळा निघाली होती. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. गिरण्यांना जाणते तंत्रज्ञ मिळावेत, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. आज ती संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. याच संस्थेत शिक्षक म्हणून काम केलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी पुढे लोखंडी नांगराचा कारखाना काढला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली.

स्वातंत्र्यानंतर या कामाला वेग आला. १९५० मध्ये भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून गावोगावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहू लागल्या. लोक त्यांना आयटीआय म्हणतात. सोलापुरात १९५६ मध्ये शासकीय तंत्रनिकेतन सुरू झाले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा झाला. त्यामुळे कारखान्यात राहून, विद्यावेतन घेऊन, ठराविक मुदतीत व्यवसाय शिकण्याची सोय झाली. ‘उमेदवारी करणे’ हा शब्द आपल्या भाषेत जुनाच आहे. या कायद्याने तिला नियम आणि संरक्षण दिले.

येथे तुम्ही विचाराल, की मागावर बसून शिकणे आणि अशा संस्थेत शिकणे यांत फरक तो कोणता? तो समजण्यासाठी आपण एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कर्मशाळेत डोकावू. येथे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असे निरनिराळे व्यवसाय शिकवितात. यंत्राचे भाग घडवून जुळविणारा तो जोडारी. लेथवर धातू कातणारा तो कातारी. धातूचे तुकडे वितळवून सांधणारा तो संधाता. शिकविणाऱ्या गुरुजींना शिल्पनिदेशक म्हणतात.

जोडारीच्या वर्गातील मुलामुलींना आरंभी एक पोलादी तुकडा देतात आणि तो कानशीने घासून सपाट व काटकोनी करावयास सांगतात. ऐकताना हे काम पोरखेळ वाटते. परंतु तुकडा घासून झाल्यावर शिल्पनिदेशक त्याला गुण्या लावून उजेडासमोर धरतात. गुण्या आणि पोलाद यांच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ दिसली, की तुकडा पुन्हा घासावयास परत येतो. दिवसामागून दिवस हे चालते. हात दुखून येतात; पण हळूहळू डोळ्याला सूक्ष्म फरक दिसू लागतो, आणि हाताला किती दाब द्यावा हे आपोआप कळू लागते. मग व्हर्नियर कॅलिपर हे मापनयंत्र हातात येते. त्याने मिलिमीटरचा पन्नासावा भागही मोजता येतो. ‘जवळजवळ बरोबर’ हा शब्द या कर्मशाळेत चालत नाही. यंत्राचा दांडा त्याच्या भोकात बसतो किंवा बसत नाही. तिसरा प्रकार नाही.

या कामाच्या जोडीला तेथे व्यवसायाची उपपत्ती शिकवितात, कर्मशाळेचे गणित शिकवितात आणि आरेखनही शिकवितात. त्यांचा उपयोग काय? एक उदाहरण घ्या. एक विजेची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर १० सेंटिमीटर व्यासाचे पट्ट्याचे चाक बसविले आहे. जे यंत्र चालवायचे, त्याने मिनिटाला ३६० फेरे घ्यावेत अशी गरज आहे. तर त्या यंत्रावर केवढ्या व्यासाचे चाक बसवावे? सातवी-आठवीचे गणित ज्याला येते, तो सांगेल की वेग एक चतुर्थांश हवा, म्हणून चाकाचा व्यास चौपट हवा. म्हणजे ४० सेंटिमीटर. येथे व्यस्त प्रमाण आहे. ज्याला हे येत नाही, तो एक चाक बसवून पाहील, दुसरे बसवून पाहील. तोवर यंत्र भलत्याच वेगाने चालून बिघडेल. तुम्हांला कंटाळवाणे वाटणारे प्रमाणाचे गणित कर्मशाळेत असे कामास येते.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे सोलापूरने फार कठोर रीतीने अनुभवले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जुनी यंत्रे, बदललेली बाजारपेठ, यंत्रमागांची स्पर्धा, अशी त्याची अनेक कारणे होती. ज्या भोंग्यावर घराघरांतील चूल पेटत होती, तो मुका झाला. हजारो कुटुंबांच्या मिळकतीचा आधार तुटला. काम करणाऱ्यांचा यात काडीमात्र दोष नव्हता. वर्षानुवर्षे त्यांनी आपले काम चोख केले होते. पण ज्याचे सारे आयुष्य एकाच यंत्राच्या एकाच खटक्यावर गेले, त्याच्यापुढे ते यंत्र थांबताच अंधार पसरला. याउलट ज्याला यंत्राचे मर्म कळत होते, जो आरेखन वाचू शकत होता, मोटर उघडून दुरुस्त करू शकत होता, त्याला दुसरी वाट शोधणे तुलनेने सोपे होते. कारण मोटर कापडाच्या गिरणीत असो, साखर कारखान्यात असो, की विहिरीवर असो, तिचे शास्त्र एकच असते. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत. शहरात यंत्रमाग आहेत, गणवेश शिवणारे कारखाने आहेत. या सर्वांना जाणते हात लागतात. म्हणूनच चांगले व्यवसाय शिक्षण एका यंत्रापुरते नसते. आजचे काम येणे ही त्याची पहिली पायरी आहे. उद्या काम बदलले तर नवे शिकता येणे, ही त्याची खरी कसोटी आहे. जी संस्था केवळ प्रमाणपत्र देते आणि ही शक्ती देत नाही, तिने आपल्या विद्यार्थ्याला अर्धेच शिकविले, असे म्हटले पाहिजे.

आपल्या थोर विचारवंतांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले. बहुजनांच्या मुलांना वाचन, लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठही शाळेत मिळावेत, अशी मागणी त्यांनी त्यात केली. १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योग हा शाळेतील फावल्या वेळचा विषय नसून त्याच्याच द्वारे गणित, भूगोल, इतिहास शिकवावा, असा विचार तेथे मांडला गेला. टकळीवर सूत काततानाही लांबी मोजावी लागते, कापूस कोठे पिकतो हे समजून घ्यावे लागते, आणि कापडाच्या व्यापाराचा इतिहास कळू लागतो. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवावर भर दिला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशात उच्च शिक्षण घेतलेले आणि मोठ्या पदांवर काम केलेले हे शास्त्रज्ञ एका दुष्काळी भागातील खेड्यात येऊन राहिले. तेथील मुलांनी लोखंड सांधावे, विजेची जोडणी करावी, रोपे वाढवावीत, अन्नपदार्थ टिकवावेत, आणि हे करता करता विज्ञान शिकावे, अशी त्यांची पद्धती होती. तिचे लोण पुढे अनेक माध्यमिक शाळांत पोहोचले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर हा विचार थेट तुमच्या वर्गापर्यंत आणला आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सुतारकाम, विजेचे काम, धातुकाम, बागकाम, मातीकाम अशा व्यवसायांची ओळख करून घ्यावी, आणि या काळात दहा दिवस दप्तराविना, आपल्या परिसरातील कारागिरांजवळ शिकावे, असे त्यात सुचविले आहे. ते दहा दिवस तुमच्या वाट्याला आले, तर त्यांना सहल समजू नका. ज्याच्याजवळ तुम्ही बसाल, तो सुतार किंवा माळी त्या दिवसांपुरता तुमचा गुरू आहे.

एका गोष्टीचा मात्र विसर पडू नये. काम शिकणे वेगळे आणि लहान वयात कामाला जुंपले जाणे वेगळे. चौदा वर्षांखालील मुलामुलींना कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. जे मूल शाळा सोडून दिवसभर कांड्या भरीत बसते, त्याला कोणी व्यवसाय शिक्षण मिळाले असे म्हणणार नाही. त्याचे शिक्षण हिरावले गेले आहे. शिक्षणात कामाचा हेतू शिकणाऱ्याची वाढ हा असतो. मजुरीत मुलाच्या वाढीचा विचारच नसतो.

काही घरांत अजून असे बोलले जाते, की ज्याला अभ्यास जमत नाही त्यानेच आयटीआयची वाट धरावी. हा समज खोटा आहे, आणि त्याने पुष्कळ मुलांचे नुकसान केले आहे. आयटीआयमधील काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो. बहुतेकांना दहावी लागते, आणि शिक्षण साधारणपणे एक किंवा दोन वर्षांचे असते. ही वाट तेथेच संपत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांना तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात, आणि पदविका मिळविलेल्यांना अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची सोय आहे. म्हणजे कानस हातात घेऊन निघालेला विद्यार्थी अभियंता होऊ शकतो. मुलींसाठीही हे सर्व दरवाजे उघडे आहेत. विजेला किंवा लेथला मुलगा आणि मुलगी यांतला भेद कळत नाही.

हात मळले म्हणजे मान कमी होतो, असे मानणाऱ्यांनी सोलापूरच्याच एका सुपुत्राचे उदाहरण आठवावे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. भारतीयांनी स्वतःची जहाजे बांधावीत, हे त्यांचे स्वप्न होते. त्यांनी विशाखापट्टणम येथे जहाज बांधण्याचा कारखाना काढला, आणि १९४८ मध्ये तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. स्वप्न वालचंदांचे होते, भांडवलही उभे राहिले होते. पण पोलादाचे पत्रे कापणारे, ते सांधणारे, यंत्रे जोडणारे हात नसते, तर ते जहाज कागदावरच राहिले असते. जहाज समुद्रात तरंगते तेव्हा त्याच्या प्रत्येक सांध्यावर कोणातरी कारागिराच्या सचोटीचा भार असतो. तो सांधा कच्चा राहिला, तर मालकाचा मोठेपणा आणि पुढाऱ्यांची भाषणे ते जहाज वाचवू शकत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पुढे वैद्य व्हाल, वकील व्हाल, शेतकरी व्हाल की वीजतंत्री व्हाल, हे आज कोणी सांगू शकणार नाही आणि सांगण्याची घाईही नाही. पण त्याची तयारी आजपासून करता येते. घरातील एखादी मोडकी वस्तू फेकून देण्यापूर्वी ती का मोडली ते पाहा. विजेच्या वस्तूला मात्र मोठ्यांच्या देखरेखीवाचून हात लावू नका. पट्टी हातात घ्या आणि आपल्या बाकाची लांबी-रुंदी आधी अंदाजाने सांगून मग मोजा. अंदाज किती चुकला ते लिहून ठेवा. सायकल दुरुस्त करणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, भिंत बांधणाऱ्या माणसापाशी क्षणभर थांबा, आणि त्यांना सवड असेल तर नम्रपणे विचारा, “काका, हे असेच का करायचे?” ओळंबा लावून भिंत सरळ करणारा गवंडी, किंवा चाकाच्या तारा आवळून ते सरळ करणारा सायकलवाला तुम्हांला जे दाखवील, ते विज्ञानाच्या पुस्तकातील एखाद्या धड्याशी जुळते का, ते घरी येऊन ताडून पाहा. जुळले, तर तो धडा तुम्ही सहसा विसरणार नाही. आणि त्या माणसाला पुढे कधी ‘अडाणी’ म्हणण्याचे धाडसही तुम्हांला होणार नाही.